'चाखणे' आणि 'लागणे': इंग्रजीत क्रियापद एकच, मग विशेषण कधी आणि क्रियाविशेषण कधी?

धागाकर्ती: गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारी मुले-मुली बहुतेक कामावरून थेट येतात. कुणी ओझर-पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये असते, कुणी अंबडच्या कारखान्यात, कुणी हॉटेलच्या स्वागतकक्षात. गेल्या आठवड्यात पॅकहाऊसमधल्या एका मुलाने परदेशी खरेदीदाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा तपासायला आणला. त्यात एक वाक्य होते: 'अवर ग्रेप्स टेस्ट व्हेरी स्वीटली, लुक फ्रेशली अँड स्टे फर्मली.' मी लाल पेनाने तिन्ही ठिकाणचा 'ली' काढला आणि 'स्वीट', 'फ्रेश', 'फर्म' एवढेच ठेवले. त्यावर त्याने वहीची मागची पाने उलटली आणि माझेच वाक्य माझ्यासमोर धरले. नामाविषयी सांगते ते विशेषण आणि क्रियापदाविषयी सांगते ते क्रियाविशेषण, असे मी जूनमध्ये फळ्यावर लिहिले होते. "मॅडम, 'टेस्ट' हे क्रियापदच आहे ना? मग त्याच्यापुढे 'स्वीटली' का चालत नाही?" असे त्याने विचारले.

मी त्याला नेहमीचे उत्तर दिले. 'बी', 'सीम', 'लुक', 'फील', 'स्मेल', 'टेस्ट', 'साउंड', 'बिकम' ही 'लिंकिंग व्हर्ब्ज', म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारी क्रियापदे, आहेत आणि त्यांच्यापुढे विशेषण येते, हे मी सांगितले आणि त्याने ती यादी निमूटपणे उतरवून घेतली. परंतु यादी पाठ केलेला विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी 'ही लुक्ड ॲट मी अँग्री' असे लिहितो, कारण 'लुक'पुढे विशेषण येते हे त्याला पक्के ठाऊक झालेले असते. हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे.

रात्री स्वयंपाक करताना मी आमटीची चव घेतली आणि 'आळणी लागते आहे' असे स्वतःशी म्हटले, तेव्हा लक्षात आले की मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या दोन क्रियापदांतच आहे. चव घेतली ती मी आणि आळणी लागली ती आमटी. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच 'टेस्ट' आहे. 'बघणे' आणि 'दिसणे' या दोन्हींचे काम 'लुक' करते. 'वास घेणे' आणि 'वास येणे' या दोन्हींसाठी 'स्मेल' आहे. 'हात लावून पाहणे' आणि 'वाटणे' या दोन्हींसाठी 'फील' आहे. म्हणजे इंग्रज माणसाला जो भेद वाक्याच्या अर्थावरून ओळखावा लागतो, तो आपल्या भाषेत क्रियापदातच केलेला आहे.

म्हणून मी आता असे सांगू इच्छिते की इंग्रजी वाक्यातल्या क्रियापदाचा अर्थ आधी मराठीत मनाशी म्हणून पाहावा. तो 'दिसणे, लागणे, वाटणे, वास येणे, होणे, राहणे, ठरणे' यांपैकी असेल, तर पुढचा शब्द कर्त्याचे वर्णन करतो आणि तेथे विशेषण हवे. तो 'बघणे, चाखणे, हुंगणे, चाचपणे' असा कर्त्याने केलेल्या कृतीचा असेल, तर पुढचा शब्द ती कृती कशी केली हे सांगतो आणि तेथे क्रियाविशेषण हवे. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द क्लार्क' म्हणजे तिने कारकुनाकडे रागाने पाहिले.

वर्गात हे सांगण्याआधी ही पद्धत कोठे फसते ते मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: निफाडकर

ताई, आपण दिलेली जोडी आमच्या कामात रोज समोर येते, म्हणून लिहितो. खरेदीदाराचा माणूस बागेत आला की घडाच्या टोकाचा एक मणी तोडतो, कारण टोकाकडचे मणी सर्वांत शेवटी गोडीला येतात. तो मणी चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या नळीच्या काचेवर सोडतो, नळी उजेडाकडे धरून ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या गोडीचा, आकडा वाचतो आणि मगच दुसरा मणी तोंडात टाकतो. आमच्या अहवालात यासाठी दोन वाक्ये लागतात: 'द बायर टेस्टेड द ग्रेप्स केअरफुली' आणि 'द ग्रेप्स टेस्टेड स्वीट'. पहिल्यात काळजीपूर्वक चाखणारा माणूस आहे, दुसऱ्यात गोड लागलेली द्राक्षे आहेत. ही दोन वाक्ये मी कित्येक वर्षे अंदाजाने लिहीत होतो. 'चाखली' आणि 'लागली' असे म्हटल्यावर अंदाजाची गरज उरत नाही.

प्रतिसाद: पंचवटीचा_मास्तर

धागा फार चांगला आहे. मी निवृत्त शिक्षक आहे आणि मराठी व इंग्रजी दोन्ही विषय शिकवले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण ज्याला 'लिंकिंग व्हर्ब' म्हणता, त्याला इंग्रजीच्या जुन्या व्याकरणात 'व्हर्ब ऑफ इनकम्प्लीट प्रेडिकेशन' म्हणत असत आणि मराठी व्याकरणातही त्याच अर्थाचे 'अपूर्ण विधान क्रियापद' हे नाव आहे. 'मुलगा झाला' असे म्हटले तर जन्म झाला असा अर्थ होतो, परंतु 'मुलगा शहाणा झाला' यातला 'शहाणा' काढून टाकला की अभिप्रेत विधान अपुरे राहते. ते पुरे करणाऱ्या 'शहाणा' या शब्दाला आपण विधानपूरक म्हणतो. 'द्राक्षे लागतात' एवढेच म्हटले तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो. ती वाट पाहायला लावणे हेच या क्रियापदांचे लक्षण आहे. त्यामुळे हा विषय आपल्याकडे परका नाही. शाळेत मराठी आणि इंग्रजीचे तास वेगवेगळ्या खणांत ठेवल्यामुळे मुलांना तो परका वाटतो.

आता फसण्याची जागा सांगतो. मराठीत विशेषण आणि क्रियाविशेषण यांचे रूप पुष्कळदा एकच असते. 'ती छान दिसते' आणि 'ती छान गाते' या दोन्ही वाक्यांत 'छान' जसाच्या तसा आहे, परंतु इंग्रजीत 'शी लुक्स नाइस' आणि 'शी सिंग्ज वेल' असे दोन वेगळे प्रकार होतात. त्याहून अवघड म्हणजे मराठीत क्रियेची रीत सांगणारा शब्दही कर्त्याप्रमाणे बदलतो. 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' असे आपण म्हणतो. कर्त्याशी लिंग जुळले म्हणजे शब्द विशेषणच असला पाहिजे असे धरणारा विद्यार्थी 'शी सिंग्ज गुड' असे लिहितो आणि त्याला आपली चूक कोठे झाली हे कळत नाही.

यावर उपाय म्हणून क्रियापद काढून त्या जागी 'आहे' घालून पाहावे. 'द्राक्षे गोड लागतात' याचे 'द्राक्षे गोड आहेत' असे केले तर अर्थ जवळपास तोच राहतो, म्हणून 'टेस्ट स्वीट'. 'ती चांगली गाते' याचे 'ती चांगली आहे' असे केले तर गाण्याची गोष्ट स्वभावावर गेली, म्हणून 'सिंग्ज वेल'. इंग्रजीतही क्रियापदाच्या जागी 'इज' घालून हीच परीक्षा घेतात. आपली दोन क्रियापदांची पद्धत आणि ही परीक्षा यांची जोड मुलांना द्यावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद: अभ्यासिका_कोपरा

मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आणि दिवसाचा बराच वेळ सार्वजनिक वाचनालयात असतो. १८४० साली सुरू झालेल्या त्या संस्थेत बसून मी 'फील' या एका क्रियापदावर किती तास घालवले आहेत ते सांगता येत नाही. 'आय फील गुड' आणि 'आय फील वेल', 'आय फील बॅड' आणि 'आय फील बॅडली' यांतले बरोबर काय? 'वेल' हे क्रियाविशेषण असेल, तर 'फील वेल' कसे चालते?

दुसरी शंका अशी की एका मार्गदर्शकाने 'स्टेटिव्ह' (स्थितिवाचक) आणि 'लिंकिंग' या एकाच गोष्टी आहेत असे सांगितले होते. तसे असेल तर 'नो' हे स्थितिवाचक क्रियापद असूनही आपण 'आय नो हिम वेल' असे का म्हणतो?

प्रतिसाद: गोदाकाठ

आपल्या दोन्ही शंका मला महत्त्वाच्या वाटतात, म्हणून सविस्तर उत्तर देते.

'वेल' या शब्दाला दोन कामे आहेत. 'चांगल्या रीतीने' या अर्थी ते क्रियाविशेषण आहे, परंतु 'प्रकृतीने ठीक' या अर्थी ते विशेषण आहे आणि 'फील वेल'मध्ये हे दुसरे काम चालू असते. येथेही मराठी मदतीला येते. 'मला बरे वाटत नाही' हे आपण तब्येतीविषयी म्हणतो आणि त्याचे इंग्रजी 'आय डोन्ट फील वेल' असे होते. 'त्याचे कौतुक ऐकून चांगले वाटले' हे मनाविषयी आहे आणि तेथे 'आय फेल्ट गुड' हवे. 'फील गुड' प्रकृतीविषयीही बोलले जाते, परंतु लिहिताना 'बरे' आणि 'चांगले' हा भेद सांभाळला तर गोंधळ होत नाही. 'मला वाईट वाटले' याचे इंग्रजी 'आय फेल्ट बॅड' असेच आहे. 'फेल्ट बॅडली' बोलण्यात ऐकू येते, परंतु काटेकोर लिखाणात ते टाळावे, कारण त्याचा शब्दशः अर्थ वाटण्याची क्रियाच नीट झाली नाही असा होतो.

दुसऱ्या शंकेविषयी मार्गदर्शकांचे म्हणणे मला मान्य नाही. स्थितिवाचक क्रियापदे हा मोठा गट आहे आणि जोडणारी क्रियापदे हा वेगळा गट आहे. काही क्रियापदे दोन्हींत येतात, एवढेच. 'नो', 'बिलीव्ह', 'लव्ह', 'रिग्रेट', 'अंडरस्टँड' ही क्रियापदे स्थिती सांगतात, परंतु कर्त्याला विशेषण जोडत नाहीत. त्यांच्यासोबत किती आणि कितपत हे सांगणारे क्रियाविशेषण येते. 'आय फुली अंडरस्टँड', 'आय स्ट्राँगली बिलीव्ह', 'वी डीपली रिग्रेट द डिले' अशी वाक्ये त्यामुळे बरोबर ठरतात. उलट 'बिकम' आणि 'टर्न' ही जोडणारी असली तरी स्थितिवाचक नाहीत, कारण ती बदल सांगतात. 'आय नो हिम वेल' याची मास्तरांच्या रीतीने परीक्षा घेऊन पाहा. तेथे 'इज' घालताच वाक्य मोडते.

प्रतिसाद: गंगापूर_धरण

मी गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वाइनरीत, पाहुण्यांना वाइनची चव देतात त्या खोलीत काम करते. माझा दिवस 'टेस्ट' या शब्दातच जातो, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट चालू काळाची. आपण मराठीत 'ही वाइन आंबट लागते आहे' असे सहज म्हणतो आणि त्याचे थेट इंग्रजी 'द वाइन इज टेस्टिंग सावर' असे करतो. मला कामावर लागताना शिकवले गेले की पाहुणा चाखत असेल तर 'शी इज टेस्टिंग द वाइन', परंतु वाइन कशी लागते हे सांगताना 'द वाइन टेस्ट्स सावर'. आपली 'आहे' लावण्याची सवय 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'पर्यंत जाते, तिचे मूळही येथेच असावे असे मला वाटते. 'यू आर लुकिंग टायर्ड' आणि 'आय ॲम फीलिंग कोल्ड' मात्र चालते, कारण 'लुक' आणि 'फील' या दोहोंना तात्पुरत्या स्थितीसाठी चालू काळाची मोकळीक आहे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. वाइनच्या धंद्यात 'धिस वाइन इज ड्रिंकिंग वेल नाऊ' असे म्हणण्याची पद्धत आहे. ही वाइन आता पिण्याजोगी झाली आहे, असा त्याचा अर्थ. वाइन स्वतः काही पीत नाही, वर्णन तर वाइनचेच चालले आहे, तरीही येथे 'गुड' येत नाही, 'वेल' येते. आपल्या पद्धतीत हे वाक्य कोठे बसवावे?

प्रतिसाद: पंचवटीचा_मास्तर

फार मोलाचे उदाहरण दिलेत. येथे 'ड्रिंक' हे जोडणारे क्रियापद नाही. पिणे ही खरीखुरी क्रिया आहे. पिणारा माणूस वाक्यातून गाळला आहे आणि प्यायली जाणारी वस्तू कर्त्याच्या जागी बसवली आहे. 'द बुक रीड्स वेल', 'धिस नाइफ कट्स ईझिली', 'द ओनियन्स आर सेलिंग वेल' ही सगळी याच जातीची वाक्ये आहेत. लासलगावच्या बाजारात 'यंदा लाल कांदा चांगला खपतो आहे' असे म्हणतात, तेव्हा 'चांगला' हा शब्द कांद्याशी लिंगाने जुळतो, परंतु सांगतो खपण्याविषयी. कांद्याच्या प्रतीविषयी तो काही सांगत नाही. 'कांदा चांगला आहे' आणि 'कांदा चांगला खपतो' ही दोन वेगळी विधाने आहेत, कारण हलका कांदासुद्धा टंचाईत चांगला खपतो. म्हणून 'सेल वेल' आणि म्हणूनच 'ड्रिंक वेल'.

प्रतिसाद: मखमलाबाद_नाका

आई म्हणून लिहिते. माझ्या मुलीची अडचण वेगळी आहे. मराठीत आपण 'चिडला, थकली, दूध नासले, पाने पिवळी पडली' असे म्हणतो. यातल्या पहिल्या तिन्हींत विशेषण दिसतच नाही, त्यामुळे इंग्रजी लिहिताना ती एकाच शब्दाचे क्रियापद शोधत बसते आणि सापडले नाही की 'ही अँग्रीड' असे काहीतरी तयार करते.

प्रतिसाद: गोदाकाठ

ताई, ही अडचण माझ्या वर्गातही आहे. इंग्रजी येथे एक लहान क्रियापद आणि एक विशेषण अशी जोडी वापरते. चिडणे म्हणजे 'गेट अँग्री', थकणे म्हणजे 'गेट टायर्ड', दूध नासणे म्हणजे 'गो सावर' किंवा 'टर्न सावर', पाने पिवळी पडणे म्हणजे 'टर्न यलो', विहीर आटणे म्हणजे 'रन ड्राय'. कोणत्या विशेषणाबरोबर कोणते लहान क्रियापद येते हे वाचनातूनच अंगवळणी पडते, त्याला सरसकट नियम नाही. बिघाडाकडे जाणारे बदल पुष्कळदा 'गो'बरोबर येतात, जसे 'गो बॅड', 'गो मॅड', 'गो ब्लाइंड', एवढे मात्र मुलीला सांगता येईल. 'आजारी पडणे' हे तर तिला आधीपासून येते असेच समजा, कारण इंग्रजीतही 'फॉल इल' म्हणतात आणि 'फॉल' म्हणजे पडणेच.

प्रतिसाद: निफाडकर

एक विचारायचे राहिले होते. 'वी फाउंड द रोड ईझी' आणि 'वी फाउंड द रोड ईझिली' ही दोन्ही वाक्ये आमच्या वाहतूकदाराच्या पत्रांत येतात. दोन्ही बरोबर आहेत का?

प्रतिसाद: पंचवटीचा_मास्तर

दोन्ही बरोबर आहेत आणि अर्थ निराळे आहेत. पहिल्याचा अर्थ रस्ता सोपा वाटला, दुसऱ्याचा अर्थ रस्ता सहज सापडला. येथे वर्णन कर्त्याचे नसून कर्माचे आहे, परंतु ताईंची पद्धत तशीच लागू पडते, कारण मराठीत पुन्हा 'वाटणे' आणि 'सापडणे' अशी दोन क्रियापदे आली. याच कुळातले 'द ड्रायव्हर अराइव्ह्ड टायर्ड' हे वाक्यही लक्षात ठेवावे. पोहोचणे ही पूर्ण क्रिया आहे, तरी पोहोचताना माणूस कोणत्या अवस्थेत होता हे सांगायला विशेषण येते. आपणही 'तो दमलेला पोहोचला' असेच म्हणतो.

प्रतिसाद: अभ्यासिका_कोपरा

दोघांचेही आभार. 'ली' दिसला की क्रियाविशेषण, हा समजही सोडावा लागला, कारण 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली' ही विशेषणे आहेत. उलट 'हार्ड' आणि 'फास्ट' कोणताही प्रत्यय न घेता दोन्ही कामे करतात. याचे कारण मला वाचनात सापडले. जुन्या इंग्रजीत विशेषणाला 'ए' हा स्वर जोडूनही क्रियाविशेषण करीत असत. पुढे शेवटचा स्वर उच्चारातून गळून गेला आणि दोन्ही रूपे सारखी झाली. 'हार्डली'ला पुढे 'जेमतेम' असा अगदी वेगळा अर्थ आला, त्यामुळे 'ही वर्क्स हार्ड' आणि 'ही हार्डली वर्क्स' यांत कष्टाळू आणि कामचुकार एवढे अंतर पडते.

प्रतिसाद: गोदाकाठ

काल वर्गात हा सगळा विषय घेतला. फळ्यावर दोन रकाने केले, डावीकडे 'मी केले' आणि उजवीकडे 'तसे आहे'. मुलांनी स्वतःच 'बघणे' डावीकडे आणि 'दिसणे' उजवीकडे टाकले, मग 'चाखणे' आणि 'लागणे', मग 'वळणे' आणि 'लाल होणे', जी दोन्ही 'टर्न'ची कामे आहेत. हॉटेलात काम करणाऱ्या मुलीने 'अपिअर' पुढे केले. 'ही अपिअर्ड नर्व्हस' म्हणजे तो घाबरलेला वाटला आणि 'ही अपिअर्ड सडनली ॲट द डेस्क' म्हणजे तो अचानक समोर आला, हे तिने माझ्या मदतीशिवाय सोडवले.

'स्टे'पाशी मात्र पद्धत अडली, ते प्रामाणिकपणे नोंदवते. मराठीतही 'राहणे' एकच आहे. 'तो शांत राहिला' आणि 'तो काकांकडे शांतपणे राहिला' यांत क्रियापद बदलत नाही, त्यामुळे दोन रकान्यांचा उपयोग झाला नाही आणि मास्तरांची 'आहे' घालण्याची परीक्षाच घ्यावी लागली. 'तो शांत आहे' हे पहिल्या वाक्याशी जुळते, म्हणून 'स्टेड काम'. दुसऱ्यात त्याचे काकांकडचे वास्तव्य कसे होते ते सांगितले आहे, म्हणून 'स्टेड क्वाएटली विथ हिज अंकल'. 'द्राक्षे टणक राहतात' हे पहिल्या जातीचे आहे, त्यामुळे पत्रातले 'स्टे फर्म' बरोबर ठरले.

त्या मुलाने पत्र पुन्हा लिहून आणले आहे. आता त्यात 'अवर ग्रेप्स टेस्ट स्वीट, लुक फ्रेश अँड स्टे फर्म' असे आहे आणि खाली त्याने स्वतःहून एक वाक्य वाढवले आहे: 'वी पॅक देम केअरफुली.' त्या वाक्यावर मी लाल पेन लावला नाही. पुढच्या आठवड्यात 'प्रूव्ह' आणि 'रिमेन' घेणार आहे. 'ठरणे' आणि 'उरणे' यांची चांगली उदाहरणे कुणाकडे असतील तर येथेच द्यावीत.